मोटारीचा बुश आणि ईशान्य सैबेरियाची थंडी

ईशान्य सैबेरियातील ओयम्याकोन या गावी फेब्रुवारी 1933 मध्ये उणे 67.7 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, आणि त्याच सुमारास, त्याच मुलखात, मगदान बंदरापासून कोलिमा नदीकाठच्या सोन्याच्या खाणींकडे जाणारा रस्ता सोव्हिएत सरकारच्या हुकमाने व कैद्यांच्या हातांनी बांधला जात होता. 1931 मध्ये स्थापन झालेल्या दालस्त्रोय नामक खात्याचा या साऱ्या प्रदेशावर अंमल होता. खाणी त्याच्या, बंदर त्याचे, बंदिशाळा त्याच्या आणि रस्त्यावरून धावणारे ट्रकही त्याचेच. त्या रस्त्याच्या पायी किती जीव गेले याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही, आणि त्या हिशेबाशेजारी मोटारीच्या एका सुट्या भागाचा इतिहास मांडावयास बसताना लेखकाला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मगदान ते याकुत्स्क असा सुमारे 2000 किलोमीटरांचा हा मार्ग पुढे मोटारींचाच झाला, आणि रबर व रबराची जागा घेऊ पाहणारे पदार्थ यांची जी परीक्षा अन्यत्र प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावी लागते ती तिथे दर हिवाळ्यात विनासायास होत आली; म्हणून या इतिहासाचा आरंभ तिथूनच करणे इष्ट.

त्या काळच्या ट्रकाच्या अंगात, टायर वगळता, रबर जवळजवळ नव्हतेच. 1932 पासून गोर्कीच्या कारखान्यात फोर्डच्या परवान्याने तयार होऊ लागलेला गाझ-एए हा दीडटनी ट्रक घ्या किंवा त्याचा मूळ अमेरिकन अवतार घ्या. स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाशी धातूचा बुश म्हणजे आखूड नळी, त्या बुशात फिरणारी पोलादी पिन आणि त्या दोहोंत घर्षण होऊ नये म्हणून ग्रीस, अशी घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली व्यवस्था त्यात कायम होती. दर थोड्या अंतरानंतर ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरायचे आणि निपलानिपलातून जुने काळे ग्रीस बाहेर येईतो नवे भरायचे, हा ड्रायव्हरच्या नोकरीचाच एक भाग होता. समशीतोष्ण देशात ही कटकट होती. उणे 50 अंशांत ती विटंबना होई, कारण ग्रीस मेणासारखे घट्ट होऊन बसे आणि पिन बुशात कोरडीच फिरू लागे.

या कटकटीतून सुटका करणारी युक्ती दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोप-अमेरिकेत रूढ झाली, आणि ती इतकी साधी आहे की आपल्याकडचा गॅरेजमधला मेस्त्री दिवसात दहा वेळा हाताळूनही तिच्याकडे विशेष लक्ष देत नाही. लोखंडाची एक बाहेरची नळी, लोखंडाचीच एक आतली नळी आणि या दोहोंच्या मध्ये रबराचा जाड थर, तोही नुसता ठासलेला नव्हे तर दोन्ही नळ्यांना पक्का चिकटवलेला: हा झाला रबरी बुश. चाक खड्ड्यात उतरले की चाकाला सांगाड्याशी जोडणारा आर्म वर-खाली होतो, आतली नळी थोडी वळते, आणि ते वळणे रबर आपल्या अंगावर पीळ घेऊन सोसते. कुठेही काही घासत नाही, म्हणून ग्रीसची गरजच उरत नाही. सायलेंटब्लॉक या नावाने युरोपभर पसरलेला हा भाग रशियात आजही त्याच नावाने मागितला जातो. 1931 मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ मोटारीचे इंजिन रबराच्या आधारांवर तरंगते बसवून तिचा थरकाप घालवला, तेव्हापासून मोटारीच्या सांगाड्यात जिथे जिथे लोखंडाला लोखंड भिडते तिथे तिथे रबराचा शिरकाव होत गेला. जे रबर तोवर रस्त्यावर घासत होते ते आता गाडीच्या सांध्यांत येऊन बसले, आणि सांध्यांत आले म्हणजे सांध्यांची दुखणीही आली.

वस्तुतः थंडी हे रबराचे आद्य दुखणे. चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये रबराचा लेप दिलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले, त्या कापडाचे कोट उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात फळीसारखे ताठ होत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानातील रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीने 1830 च्या दशकात रबरी बुटांचा व कापडाचा मोठा व्यापार मांडला, तोही उन्हाळ्यात वितळणाऱ्या आणि हिवाळ्यात तडकणाऱ्या मालापायी धुळीला मिळाला. चार्ल्स गुडइयरने नॅथॅनिएल हेवर्डच्या गंधकाच्या प्रयोगांचा धागा पुढे नेत 1839 मध्ये गंधक व उष्णता यांच्या योगाने रबराला स्थैर्य आणले, 1844 मध्ये त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले, आणि 1860 मध्ये डोक्यावर प्रचंड कर्ज ठेवून तो वारला. ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र ती सांगताना तापल्या शेगडीचा प्रसंगच रंगवला जातो, आणि गंधकाने रबराला उष्णतेपासून वाचवले त्याचप्रमाणे पुष्कळ अंशी गारठ्यापासूनही वाचवले, हे अर्धे सत्य कोपऱ्यात राहते. 'पुष्कळ अंशी' हे शब्द मी जाणूनबुजून योजले आहेत. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास त्या उरलेल्या अंशाचा आहे.

रबर गोठते ते दोन निरनिराळ्या रीतींनी, आणि या दोन रीतींची गल्लत केल्याने व्यवहारात पुष्कळ घोटाळे झाले आहेत. पहिली रीत स्फटिकीभवनाची. नैसर्गिक रबराचे लांबलचक रेणू एकसारखे घडलेले असल्यामुळे थंडीत ते हळूहळू ओळीने लावल्यासारखे जुळतात, आणि आश्चर्य असे की ही क्रिया सर्वांत वेगाने होते ती कडाक्याच्या थंडीत नव्हे तर उणे 25 अंशांच्या आसपास; तिला काही तास लागतात, आणि ऊब मिळाली की ती उलटते. मलायातून उत्तरेच्या कारखान्यांत आलेल्या कच्च्या रबराच्या गाठी हिवाळ्यात दगडासारख्या होत आणि त्यांना गरम कोठ्यांत ठेवून मऊ करावे लागे, त्याचे कारण हेच. दुसरी रीत काचेची. तापमान आणखी उतरत गेले की रेणूंची हालचालच थांबते आणि पदार्थ काचेसारखा कठीण व ठिसूळ बनतो. नैसर्गिक रबराची ही सीमा उणे 70 अंशांच्या जवळ आहे. म्हणजे ओयम्याकोनची ती विक्रमी रात्रसुद्धा नैसर्गिक रबराने कशीबशी काढली असती, आणि निसर्गाने विषुववृत्तावरच्या झाडाच्या चिकाला ध्रुवाजवळच्या थंडीत टिकण्याचा गुण का दिला असावा, हा प्रश्न विनोदी असला तरी निरर्थक नाही.

सोव्हिएत सरकारपाशी तो चीक मात्र नव्हता. सेर्गेई लेबेदेव या रसायनशास्त्रज्ञाने ब्युटाडाइनपासून कृत्रिम रबर करण्याची रीत शोधली, आणि 1932 मध्ये यारोस्लाव्ल येथे त्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. धान्य व बटाटे यांपासून काढलेल्या मद्यार्कातून हे रबर निघे. सोडियमच्या साहाय्याने तयार होणारे ते रबर उणे 50 अंशांच्या आसपासच काच होऊन जाई. मॉस्कोला ते चालले असते. याकूतियाच्या, म्हणजे याकुत्स्कच्या प्रांताच्या, जानेवारीला, जेव्हा त्या शहराचे सरासरी तापमानच उणे 38 अंशांच्या घरात असते, ते चालणे कठीण होते. महायुद्धानंतर रेणूंची मांडणी नेमकी साधणाऱ्या नव्या उत्प्रेरकांनी तेच ब्युटाडाइन वेगळ्या रीतीने जुळवून दाखवले, आणि उणे 100 अंशांपर्यंत लवचीक राहणारे रबर हाती आले. ते एकटे बुशात घालण्याजोगे नसते, पण नैसर्गिक रबरात मिसळले आणि वर थंडीत न गोठणारे तेलकट मृदुकारक घातले की मिश्रणाची सीमा खाली सरकते. झिल-130 या सोव्हिएत ट्रकाची 'उत्तरेची' म्हणून जी खास आवृत्ती निघाली, तिला दुहेरी काचा, इंजिन पेटवण्यापूर्वी तापवण्याची सोय आणि असल्या शीतसह रबराचे भाग दिलेले असत. तिची मर्यादा उणे 60 अंश सांगत.

पॉलियुरेथेनचा जन्म या सर्वांपासून दूर, ऱ्हाइनकाठच्या लेव्हरकूझेनमध्ये झाला. ओटो बायर आणि त्याचे सहकारी यांनी 1937 मध्ये आय. जी. फार्बेन या जर्मन उद्योगसमूहाच्या प्रयोगशाळेत दोन द्रवांचा संयोग घडवून एक नवे बहुवारिक मिळवले. सुरुवातीस वरिष्ठांना त्याचे कौतुक नव्हते. ओलावा लागताच त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघत आणि साच्यातला नमुना भोकांनी भरून जाई, तेव्हा एका परीक्षकाने हे फार तर नकली स्विस चीज बनवण्याच्या उपयोगाचे आहे असा शेरा मारल्याची आख्यायिका सांगतात. त्याच बुडबुड्यांतून पुढे गाद्यांचा फेस निघाला, आणि आज जवळपास प्रत्येक मोटारीच्या शॉकअपवर, स्प्रिंग पूर्ण दबल्यावर आपटू नये म्हणून बसवलेला फेसाळ पॉलियुरेथेनचा ठोकळाही त्याच वंशातला. पण आपला विषय बुडबुड्यांविना ओतलेले भरीव पॉलियुरेथेन हा आहे. युद्धानंतर बायर कंपनीने व्हल्कोलान या नावाने ते बाजारात आणले, अमेरिकेत ड्यू पाँटने 1950 च्या दशकात ॲडिप्रीन आणले, आणि झिजेला दाद न देणारा पदार्थ म्हणून खाणींतील चाळण्या, कारखान्यांतील रोलर यांत त्याचा वापर वाढला. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील पोरांच्या स्केटबोर्डांची चाके त्याचीच झाली, ही गोष्ट किरकोळ दिसते. परंतु हौशी मोटारवाल्यांचे लक्ष त्याच्याकडे ज्या वातावरणात गेले त्याची कल्पना तिच्यावरून येते. मोटारीच्या सांध्यांत रबराच्या जागी पॉलियुरेथेनचा बुश बसवण्याची चाल कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया अशा उबदार प्रदेशांत जोमाने फोफावली. शर्यतीच्या गाडीला वळणावर चाकाचा कोन ढळू नये म्हणून कडक बुश हवा असतो, आणि उष्ण देशातल्या तेलकट, धुळकट रस्त्यावर रबर फुगते, तडकते, तसे पॉलियुरेथेन सहसा होत नाही. सूर्यप्रकाशात कमावलेली ही कीर्ती घेऊन तो माल उत्तरेकडे निघाला.

सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियाच्या पूर्व भागात जपानहून जुन्या मोटारी जहाजे भरभरून येऊ लागल्या, आणि उजव्या बाजूला चक्र असलेल्या त्या गाड्या याकुत्स्कच्या रस्त्यांवर सर्रास झाल्या. अशा गाडीचा बुश गेला की अस्सल सुटा भाग महाग, शिवाय कित्येक गाड्यांत निर्माता नुसता बुश विकतच नाही, अख्खा आर्म घ्या म्हणतो. या अडचणीतून स्थानिक कारखानदारांनी वाट काढली ती पॉलियुरेथेनची. त्याला रबरासारखी भारी दाबयंत्रे व भट्ट्या लागत नाहीत. दोन द्रव मोजून मिसळायचे, निर्वात करायचे, तापवलेल्या साच्यात ओतायचे. दोन अर्धुके करून ओतलेला बुश मेस्त्रीला हातानेही बसवता येतो. पिवळे, निळे, तांबडे असे हे बुश दुकानांत ओळीने मांडलेले असतात, आणि त्यांच्या जाहिरातींत उणे 40 अंशांपर्यंतची हमी सामान्यतः आढळते. ही हमी खोटी असते असे नाही. मात्र उणे 40 अंशांत बुश फुटत नाही हे एक विधान आहे, आणि उणे 40 अंशांत तो बुश म्हणून काम करतो हे अगदी वेगळे.

हा भेद मोजण्याची रीत जुनी आहे. गुडइयर कंपनीतील गेहमन यांनी 1940 च्या दशकात अशी चाचणी बसवली की पदार्थाची एक पट्टी ठरावीक ताठपणाच्या तारेला टांगून थंड करीत जावी, प्रत्येक टप्प्यावर तिला पीळ द्यावा आणि खोलीच्या तापमानात जेवढा ताठपणा होता त्याच्या दुप्पट, पाचपट, दसपट, शंभरपट ताठपणा कोणत्या अंशावर येतो ते लिहून ठेवावे. दसपटीचा अंश ही मोठी उद्बोधक संख्या आहे, कारण त्या अंशावर पदार्थ अखंड असतो, त्यावर भेग नसते, हातात घेऊन पाहणाऱ्याला तो निरोगीच दिसतो, आणि तरीही बुश या नात्याने त्याचा कारभार संपल्यात जमा असतो. पॉलियुरेथेनच्या रेणूत कठीण आणि मृदू असे खंड आलटून पालटून गुंफलेले असतात; कठीण खंड बळ देतात, मृदू खंड लवचीकपणा, आणि थंडीची झळ पोचते ती मृदू खंडांना. ते एस्टर जातीचे असतील तर तेल व झीज यांना उत्तम तोंड देतात, परंतु थंडीत लवकर ताठरतात आणि ओलाव्यात हळूहळू कुजतात. ईथर जातीचे असतील तर थंडीत पुष्कळ अधिक टिकाव धरतात. त्यातही मेख अशी, की मृदू खंड लांब ठेवले तर काचेची सीमा खाली जाते, पण तेच लांब खंड थंडीत स्वस्थ पडले असता नैसर्गिक रबरासारखे स्फटिक होऊ लागतात. आखूड ठेवले तर स्फटिक होत नाहीत, पण काचेची सीमा वर चढते. विकणाऱ्याच्या पाटीवर हे काहीच लिहिलेले नसते. रंग लिहिलेला असतो.

यात वेगाचा प्रश्न मिसळतो. विल्यम्स, लँडेल व फेरी या त्रयीने 1955 मध्ये अशा पदार्थांत तापमान आणि काळ यांची सांगड घालणारे समीकरण मांडले. त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की जो धक्का सावकाश बसला असता बुशाने गिळला असता तोच धक्का झटक्याने बसला तर बुशाला जणू आणखी काही अंश अधिक थंडी असल्यासारखे होते. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी सकाळी हलते तेव्हा पहिल्या काही किलोमीटरांत ती जी लाकडासारखी धावते, आणि गोठलेल्या चाकोरीवरची प्रत्येक धार जी थेट आसनात जाणवते, ती या दुहेरी थंडीमुळे. पुढे सततच्या हालचालीने पदार्थात थोडी ऊब निर्माण होते आणि सांधे काहीसे सैल होतात. याकूतियातले लोक इंजिन तासन्तास चालूच ठेवतात, बॉनेटवर जाड गोधडी घालतात, काचांवर दुसरी काच चिकटवतात, ऐपत असेल तर गरम गॅरेज बाळगतात. यांपैकी गॅरेज सोडले तर कशाचीही ऊब बुशापर्यंत पोचत नाही. तो गाडीच्या पोटाखाली, बर्फापासून वीतभर उंचीवर असतो.

पॉलियुरेथेनच्या बुशाची आणखी एक अडचण त्याच्या रचनेतच आहे. रबरी बुश पीळ सोसतो, तर बहुतेक पॉलियुरेथेनचे बुश नळीला चिकटवलेले नसतात. आतली नळी त्यांच्यात फिरते. फिरते म्हणजे घासते, आणि घासते म्हणजे ग्रीस आले. ज्या ग्रीसगनीपासून 1930 च्या दशकात सुटका झाली होती तीच साठ-सत्तर वर्षांनी नव्या पदार्थाच्या मागोमाग परत आली, आणि कोलिमाच्या रस्त्यावर तिने जे पूर्वी केले होते तेच पुन्हा केले. साधे ग्रीस थंडीत घट्ट होते, फटीत शिरलेले पाणी गोठून बुशाला नळीपासून उचलते, आणि सकाळी स्पीड-ब्रेकरवरून जाताना गाडी अशी करकरते की फाटकापाशी बसलेला कुत्राही वळून पाहावा. याकुत्स्कमध्ये रस्त्यांवर मीठ टाकण्याचा उपयोग नसतो, कारण तितक्या थंडीत ते बर्फ वितळवीतच नाही; त्यामुळे मॉस्कोकडच्या गाड्यांचे नळ्या गंजण्याचे दुखणे तिथे कमी. थंड देशातला हा एवढाच दिलासा.

पण करकर ही सोसण्याजोगी गोष्ट आहे. खरा मुद्दा असा की बुश ताठ झाला म्हणून धक्का नाहीसा होत नाही. तो पुढे जातो, आणि पुढे असते पोलाद. पोलादही थंडीत ठिसूळ होते, हे अमेरिकेने जानेवारी 1943 मध्ये आपल्या डोळ्यांनी पाहिले, जेव्हा ऑरेगन संस्थानातील पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभे असता मधोमध दुभंगले. उणे 50 अंशांत मोटारीच्या आर्मचे कान, सांगाड्याला मारलेले वेल्ड, बोल्टाची मान ही सारी त्याच नियमाच्या अंमलाखाली येतात. फाटलेला रबरी बुश पाहून गिऱ्हाईक रबराला दोष देते आणि पाच वर्षे अभंग राहिलेल्या पॉलियुरेथेनची वाहवा करते. माझ्या मते हा न्याय उलटा आहे, कारण झिजून, फाटून, स्वतः खर्ची पडून आर्मला वाचवणे हेच बुशाचे चाकरीतले काम, आणि जो स्वतः कधीच फाटत नाही त्याने कोणाच्या जिवावर दिवस काढले हे सांगाड्याच्या भेगा पाहिल्यावाचून ठरवता येत नाही.

म्हणूनच थंड प्रदेशातले जाणते मेस्त्री सरसकट एकच पदार्थ वापरीत नाहीत. वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या स्टॅबिलायझरच्या दांड्याला, जिथे हालचाल थोडी आणि सरळ असते, ईथर जातीचे जरा मऊ पॉलियुरेथेन चालते, आणि तिथे थंडीत न घट्ट होणारे सिलिकोनी ग्रीस भरले की आवाजही आटोक्यात राहतो. आर्मच्या मागच्या मोठ्या बुशाला, ज्याला वळणे, दबणे, तिरके होणे हे सारे एकाच वेळी सोसावे लागते, रबरच बरे. आणि ते बसवताना गाडी जॅकवर टांगलेली असता बोल्ट आवळून टाकायचा नाही, चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन सांध्यावर येऊ देऊन, मगच आवळायचा. हवेत आवळलेला बुश गाडी खाली येताच कायमचा पिळलेला राहतो, आणि असा आधीच पिळलेला रबरी थर उणे 45 अंशांच्या पहिल्याच सकाळी लोखंडापासून सुटतो. आपल्याकडे हीच चूक झाली तर बुश वर्षभर तग धरतो आणि मेस्त्री निसटून जातो. तिथे गाडी दुसऱ्याच दिवशी दारात परत येते.